साठ सेंटिमीटर खाली

मी एक जुनी मोजपट्टी आहे, आणि मी खोटे बोलते.

मित्रांनो, दचकू नका. खोटे बोलायची मला हौस नाही. मला खोटे बोलायला लावले ते अतिशय प्रामाणिक माणसांनी, आणि त्यांपैकी एकाचेही मन काळे नव्हते. म्हणूनच ही गोष्ट सांगायला जड जाते. कोणी लबाड असता तर त्याला चार शिव्या घालून मी मोकळी झाले असते.

तुमच्या कंपासपेटीत असते ती पट्टी म्हणजे माझी लांबची, लाडावलेली चुलत बहीण. मी लोखंडाची, दोन मीटर उंच, पांढऱ्या एनॅमलवर काळे आकडे असलेली. नदीच्या पात्रात एका खांबाला मला बोल्टांनी आवळून उभे केले आहे. माझ्या अंगावर पाणी जिथे टेकते तो आकडा म्हणजे नदीची त्या वेळची पातळी. आम्ही चौघी बहिणी आहोत. मी सगळ्यांत खालची, शून्य ते दोन मीटर. माझ्या मागे काठाच्या चढावर दुसरी, दोन ते चार. मग तिसरी, आणि अगदी माथ्यावर थोरली. थोरलीला जन्मात दोनदाच पाणी लागले, पण त्या दोन पुरांच्या गप्पा ती वर्षानुवर्षे सांगत आली. रोजचे काम मात्र माझे.

माझा जन्म एका एनॅमलच्या कारखान्यात झाला. तिथे घरांच्या नंबरांच्या पाट्या होत, दवाखान्यातली भांडी होत आणि आमच्यासारख्या पट्ट्याही होत. भट्टीत घालण्यापूर्वी आमच्यावर आकडे चढवणाऱ्या एक बाई होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि हात असा की केसाएवढाही हलणार नाही. नव्याने कामाला लागलेल्या मुलींना त्या पहिल्याच दिवशी सांगत, "आकडा जरा इकडेतिकडे झाला तर काय बिघडलं, असं जिला वाटतं तिनं दुसरं टेबल बघावं." त्यांनी मला दोनदा पुसले आणि तिसऱ्यांदा मनासारखी केली. एवढ्या निगुतीने घडवलेली मी खोटी कशी पडेन, असे मला वाटायचे. घमेंडच होती ती.

मला नदीवर आणले तेव्हा धरण नव्हते. ते दीड दिवसाच्या अंतरावर, वरच्या अंगाला, पुढे बांधले जाणार होते. आधी नदी कशी होती हे मोजून ठेवले नाही, तर नंतर तिचे काय झाले हे कळणार कसे? हा विचार ज्या कोणाच्या डोक्यात आला त्याला माझा नमस्कार. त्यानंतर इतका शहाणा विचार माझ्या वाट्याला आला नाही. माझे शून्य नेमके कुठे असावे यावर दोन सर्वेक्षक अर्धा दिवस भांडले, तिपाईवरच्या दुर्बिणीतून पुन्हा पुन्हा बघितले, मग कुठे बोल्ट आवळले गेले.

माझे आकडे वाचायला ज्या माणसाला नेमले त्याला सगळे आकडेदादा म्हणत. सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच. तीन वेळा तो पायऱ्या उतरून यायचा, वाकायचा, आणि लगेच लिहायचा नाही. पाणी हलत असते ना! लाट वर कुठे जाते ते बघायचे, खाली कुठे येते ते बघायचे, दोन्हींचा मध्य धरायचा. मग वही उघडायची. वहीत चार रकाने होते: तारीख, वेळ, पातळी आणि शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बाकीचे नोंद करणारे रेघ मारून मोकळे होत. आकडेदादाचा जीव मात्र त्याच रकान्यात. 'वारा पश्चिमेचा.' 'पाणी गढूळ, वास मातीचा.' 'मोठे झाड मुळासकट वाहत गेले.' बायको हसली की तो म्हणायचा, "आकडा काय, कोणीही लिहील. नदी सगळी शेऱ्यात असते."

त्याची बायकोही काही कमी नव्हती. एकदा दादा तापाने फणफणला होता, उठवत नव्हते. ती स्वतः वही घेऊन पायऱ्या उतरली. काठावर कोणीतरी म्हणाले, "वहिनी, एक दिवस राहिलं तर काय होतंय?" ती म्हणाली, "ताप यांना आलाय, नदीला नाही. ती काय थांबून राहणार आहे?" तिने पाच दिवस आकडे घेतले. शेऱ्यात लिहिले, 'नोंद पत्नीने घेतली.' माझ्या नोंदीत कधी खंड पडला नाही तो असा.

आता धाकट्याबद्दल सांगते, कारण खरे नुकसान त्याचे झाले. धाकटा म्हणजे आकडेदादाचा सख्खा धाकटा भाऊ. तो मासेमारी करायचा. माझ्यापासून खाली दोनशे पावलांवर नदीला एक फाटा फुटतो. बाजूला वळून, झाडांच्या सावलीतून संथ फिरून तो पुन्हा नदीला मिळतो. मुख्य धारेत मासे अंडी घालत नाहीत, सगळे वाहून जाते. ते वाट बघतात फाट्याची. पण फाट्याच्या तोंडाशी खडकाचा एक उंबरठा आहे. नदी त्याच्यावर चढली तरच पाणी आत जाते. आणि ती चढते केव्हा, तर माझ्यावर एक मीटर चाळीस आले की. वर्षातून सहा आठवडे पाणी आत राहिले की पुरे. अंडी फुटतात, पिल्ले अंगठ्याएवढी होतात आणि नदीत उतरतात. पुढचे वर्षभर धाकट्याच्या जाळ्यात जे यायचे ते या सहा आठवड्यांचेच असायचे.

त्या दिवसांत धाकटा पलीकडून ओरडायचा, "दादा, किती?"

"एक अडतीस!"

"मग ढकल की दोन बोटं!"

"मी काय नदीचा सासरा आहे?"

दोघे हसायचे. दुसऱ्या दिवशी मी चाळीसवर जायचे आणि धाकटा फाट्याच्या काठी जाऊन नुसता बसून राहायचा. त्या दिवसांत तो जाळे टाकत नसे. घरात बाळंतीण असली की माणसे जशी हळू चालतात, तसा तो तिथे वावरायचा. मला तो फार आवडायचा.

धरण झाले. दरवाजे खाली आले. पहिल्या वर्षी आम्हाला वाटले, बरे झाले. पाणी कसे स्वच्छ, माझा तळाचा बोल्टसुद्धा दिसू लागला. लोक म्हणाले, नदी सुधारली. आकडेदादाने शेऱ्यात लिहिले, 'पाणी नको इतके स्वच्छ.' तो बायकोला म्हणाला, "गाळ सगळा वर धरणात अडकला. आता हे रिकाम्या पोटाचं पाणी इथलाच तळ खाणार." आणि तसेच झाले. वर्षागणिक माझ्या पायाखालची वाळू गेली, मग गोटे गेले. पात्र खोल होत गेले आणि त्याच्याबरोबर नदीची पातळी खाली उतरत गेली. फाट्याचा उंबरठा मात्र खडकाचा, तो होता तिथेच राहिला. एके वर्षी सहापैकी दोनच आठवडे पाणी आत गेले. पुढच्या वर्षी चार दिवस. त्याच्या पुढच्या वर्षी गेलेच नाही.

त्याच सुमारास कोरड्या दिवसांत नदी माझ्या शून्याच्याही खाली गेली. मी हवेत लटकत राहिले, पाणी वीतभर खाली. आकडेदादाने वहीत लिहिले, 'पट्टीखाली.' एकेचाळीस दिवस तो दिवसातून तीनदा तेच लिहीत होता. मग कचेरीतून पत्र आले. पत्रात म्हटले होते की 'पट्टीखाली' हा आकडा नाही आणि तो संगणकात भरता येत नाही, तरी पट्टीची व्यवस्था करावी.

व्यवस्था झाली. दोन मजूर आणि एक मुकादम आले. त्यांनी माझे बोल्ट सोडवले, मला खांबावरून साठ सेंटिमीटर खाली सरकवले आणि पुन्हा आवळले. अर्ध्या तासाचे काम. माझे शून्य ठरवायला ज्यांनी अर्धा दिवस घालवला त्यांची मला फार आठवण झाली. पण मुकादमाचेही चुकले नाही. पट्टी खाली घेता येते, तसा नियमच आहे. फक्त ती कधी आणि किती खाली घेतली हे लिहून ठेवावे लागते.

आकडेदादाने ते लिहिले. त्याने न लिहिलेले असे काही नव्हतेच. त्या दिवशीच्या शेऱ्यात, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरांत: 'आज सकाळी अकरापासून पट्टी साठ सेंटिमीटर खाली घेतली. येथून पुढच्या प्रत्येक आकड्यातून साठ वजा करावेत.' खाली सही केली, पुन्हा वाचले, वही मिटली. आपले काम चोख झाले असे त्याला वाटले, आणि ते झालेही होते.

मित्रांनो, आता नीट ऐका. कचेरीत त्या वह्या संगणकात भरणारा एक गृहस्थ होता. त्याच्या पडद्यावर तीनच रकाने होते. तारीख, वेळ, पातळी. शेऱ्याला जागाच नव्हती. तो दिवसाला चारशे ओळी भरायचा, एकही आकडा चुकवायचा नाही. शेरा भरायला त्याला कोणी सांगितले नव्हते, म्हणून त्याने भरला नाही. आणि भरून झालेल्या वह्या नियमाप्रमाणे रद्दीत गेल्या.

तेव्हापासून मी खोटे बोलते. नदी खाली गेली आणि तिच्याबरोबर मीही खाली गेले. त्यामुळे आकडा जवळजवळ तोच राहिला.

वर्षे गेली. माझ्या नोंदीचा मोठा बोलबाला झाला. तीस वर्षे, एकही दिवस कोरा नाही! एका समारंभात आकडेदादाला शाल आणि एक घड्याळ मिळाले. त्याने घड्याळ घरी न नेता आधी मला आणून दाखवले. तो लाजून म्हणाला, "तुझं माझं दोघांचं आहे." मला त्या क्षणी पाण्यात बुडून जावेसे वाटले, पण तेवढे पाणी नव्हते.

मग धरणाखालच्या नदीचा अभ्यास करायचे ठरले. धरण झाल्यामुळे खाली काय बदलले, आणि ते सांभाळायला धरणातून केव्हा किती पाणी सोडावे, हे ठरवण्यासाठी दहा वर्षांची योजना आखायची होती. त्यासाठी एक संशोधक बाई आल्या. त्यांच्या गाडीत खोकी भरभरून रिकाम्या बाटल्या होत्या, म्हणून धाकट्याने त्यांचे नाव पाडले बाटलीताई. तो म्हणायचा, "इतक्या बाटल्या आणि एकीतही काही नाही, असली बाई प्रथमच बघितली." ताईंच्या कानावर ते गेले तेव्हा त्या पोट धरून हसल्या, आणि त्या दिवसापासून दोघांचे जमले.

बाटलीताई गुडघाभर पाण्यात उभ्या राहायच्या. दगड उलटून त्याखालचे किडे मोजायच्या, पाण्याचे तापमान घ्यायच्या, काठाची झाडे बघायच्या. धाकट्याने त्यांना फाटा दाखवला. पण ते थंडीचे दिवस होते, आणि थंडीत फाटा पूर्वीही कोरडाच असायचा. धाकटा म्हणाला, "ताई, आता हा सदाचाच कोरडा असतो. चार वर्षांत इथे पिल्लू दिसलं नाही. जाळ्यात म्हातारे मासे येतात तेवढेच, तेही संपत आले." ताईंनी लिहून घेतले. "मोजूया," त्या म्हणाल्या. "तुमच्या सांगण्यावर माझा विश्वास आहे, पण वरचे लोक मोजलेलंच मानतात." त्यांच्या आराखड्यात बावीस ठिकाणे होती. सतरावे ठिकाण फाटा. सहा आठवडे धरणाचा एक दरवाजा थोडा उघडायचा, म्हणजे पाणी उंबरठ्यावर चढेल, असेही त्यात लिहिले होते. त्या दिवसांत धाकट्याच्या बोलण्यात पुन्हा जोर आला. नव्या जाळ्यासाठी दोरा आणला. आशेचे असेच असते, ती आली की पाठोपाठ दोरा येतो.

योजना पक्की करायला धरणाचे साहेब काठावर आले. पायऱ्यांच्या वर घडीचे टेबल मांडले, नकाशा उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार गोटे ठेवले. माझ्यापासून वीस पावलांवर. मी सगळे ऐकले.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी ताईंचा आराखडा शेवटपर्यंत वाचला, वाहवाही केली. मग खिशातून पेन्सिल काढली. "बावीस ठिकाणं म्हणजे बावीस माणसं, बावीस होड्या. शक्य नाही. जिथे माहिती नाही तिथेच मोजू. जिथे आधीच आहे तिथे पुन्हा कशाला?" बावीसची नऊ झाली. नवाची चार. पेन्सिल सतरावर आली.

"हा फाटा. इथे पाणी केव्हा शिरतं?"

"पट्टीवर एक चाळीस आलं की," ताई म्हणाल्या.

साहेबांनी कागद उलटले. "मग हे बघा. पट्टीची नोंद आपल्याकडे आहेच. गेल्या वर्षी त्या सहा आठवड्यांत एक बावन्न, एक पंचावन्न, एक अठ्ठेचाळीस. त्याच्या आदल्या वर्षीही तेच. फाट्यात पाणी जातंय की!"

"कुठे जातंय?" धाकटा मागून ओरडला. "चला ना, दाखवतो. दोनशे पावलं पण नाहीत!"

"आत्ता थंडीत कोरडा असणारच, भाऊ. तो पूर्वीही असायचा," साहेब शांतपणे म्हणाले. ते खरेच होते. मग ते आकडेदादाकडे वळले. "दादा, तुम्ही तीस वर्षं नोंद घेताय. तुम्हीच सांगा. हे आकडे बरोबर आहेत ना?"

साहेबांनी भरभर वाचलेले आकडे मागे उभ्या दादाला नीट ऐकू आले नव्हते, आणि त्यांच्या हातातला कागदही तिथून दिसत नव्हता. कचेरीने साठ वजा करूनच आकडे काढले असणार, अशी त्याची खात्री. शेऱ्यात इतके स्पष्ट लिहिले होते! आणि चारचौघांत, ज्या कामासाठी शाल मिळाली त्या कामाबद्दल विचारलेले. त्याची मान ताठ झाली. साठ वजा केले की आपली वहीही धाकट्याचीच साक्ष देते, हे त्याला त्या क्षणी सुचले नाही. त्याला दिसली ती तीस वर्षांची वही एका बाजूला आणि कायम कुरकुर करणारा धाकटा भाऊ दुसऱ्या बाजूला. तो म्हणाला, "माझा एकही आकडा चुकलेला नाही, साहेब."

सतरावर काट बसली.

मला ओरडावेसे वाटले. पण मुक्याला कोण विचारतो? मी आपली एक बारा दाखवत उभी राहिले, आणि तेही खोटेच होते.

वर्षभरात अहवाल आला. फाट्यात दरवर्षी पुरेसे पाणी जाते, त्यामुळे वेगळा दरवाजा उघडण्याची गरज नाही. निर्णय दहा वर्षांसाठी. अहवालाबरोबर आकड्यांची प्रत होती, ती ताईंनी दादाच्या हातात दिली. तो पायऱ्यांवर बसून वाचू लागला. एका ठिकाणी त्याचे बोट थांबले. मग तो मागची पाने उलटू लागला, मग पुढची. त्याने साठ शोधले. ते कुठेच वजा झालेले नव्हते.

धाकटा त्याच्यासमोर उभा होता. "दादा, काय झालं?"

दादाने सांगितले. आडपडदा न ठेवता सगळे सांगितले.

 धाकटा म्हणाला, "मी चार वर्षं ओरडत होतो. तू एकदा तरी खाली येऊन बघायचंस. तुला आकडा खरा वाटला आणि मी खोटा."

"अरे, शेऱ्यात लिहिलं होतं मी..."

"शेऱ्यात लिहिलंस. साहेबांनी विचारलं तेव्हा तोंडानं बोललास का?"

दादाने कागद मिटले. पुढे दोघे भाऊ बोलेनासे झाले. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण दोनशे पावलांवरचा कोरडा फाटा बघायला सगळ्यांनी माझा आरसा घेतला, आणि आरसा वाकडा होता.

आकडेदादा कचेरीत खेटे घालू लागला. आल्यावर मला सांगायचा, दुसऱ्या कोणाला सांगणार? मूळ वह्या रद्दीत गेलेल्या. त्याच्या घरी स्वतःची एक प्रत होती, ती घेऊन गेला. तिथल्या माणसाने ती आदराने चाळली आणि परत दिली. "दादा, तुम्ही खोटं बोलत नाही हे मला ठाऊक आहे. पण घरच्या वहीला पुरावा कसं म्हणू?"

मग एका सकाळी बाटलीताई आल्या. त्यांच्या खांद्यावर गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळीची भेंडोळी होती. नळीत पाणी भरले. एक टोक दादाने माझ्या माथ्यावर, दोन मीटरच्या रेघेवर धरले. दुसरे टोक ताईंनी काठावरच्या माझ्या बहिणीच्या पायाशी धरले. माझे दोन मीटर आणि तिचे दोन मीटर एकाच पातळीत असायला हवेत, कारण तिला कोणी हलवले नव्हते. नळीतले पाणी कोणाचे ऐकत नाही. तिच्या खुणेपर्यंत साठ सेंटिमीटर कमी पडले. धरण झाल्यापासून तिला टेकेल एवढे पाणी कधी चढलेच नव्हते, नाहीतर हे पूर्वीच उघडे पडले असते.

"सापडलं!" ताई ओरडल्या. दादाने हातातली नळी सोडली आणि तो गुडघ्यांवर हात ठेवून लहान मुलासारखा रडला. मीही त्या दिवशी सुटले असे समजले. ताईंनी फोटो काढले, मापे लिहिली, सविस्तर पत्र धाडले. पट्ट्यांमध्ये साठ सेंटिमीटरचा फरक आहे, आकडे दुरुस्त करावेत, फाट्याचा निर्णय पुन्हा बघावा.

पत्राची दखल घेतली गेली. फार लवकर घेतली गेली. दोन महिन्यांत तोच मुकादम चार मजूर घेऊन आला. त्याच्या हातात लेखी हुकूम होता: पट्ट्यांमधला साठ सेंटिमीटरचा फरक दूर करावा. त्यांनी माझ्या तिन्ही बहिणींचे बोल्ट सोडवले, आणि तिघींना साठ सेंटिमीटर खाली सरकवले. चोर सोडून संन्याशाला फाशी! आता आम्ही चौघी एकमेकींशी बिनचूक जुळतो. कोणत्याही नळीने मोजा, फरक सापडणार नाही. थोरलीने त्यानंतर पुरांच्या गप्पा बंद केल्या. तिचेही आकडे आता खरे उरले नाहीत.

दादा हुकूम वाचत उभा होता. मुकादमाला म्हणाला, "अरे, ह्यांना खाली नको घेऊस, त्या खालच्या पट्टीला वर घ्यायचं होतं."

"दादा, कागदावर फक्त फरक काढा म्हटलंय. कुणाला हलवायचं ते नाही लिहिलं."

ताईंनी आणखी तीन पत्रे लिहिली. उत्तर आले की फरक दूर करण्यात आला आहे, आणि आकड्यांचा फेरविचार पुढच्या आढाव्यात, म्हणजे आठ वर्षांनी करता येईल. मग ताईंची दुसऱ्या नदीवर बदली झाली. जाताना त्या माझ्याजवळ आल्या नाहीत. मला वाईट वाटले, पण राग आला नाही.

धाकट्याने त्या वर्षी एकशे दहा दिवस जाळे टाकले. शेवटच्या महिन्यात आलेले मासे मी मोजू शकते, आणि मी तर माणसासारखी पटापट मोजणारीही नाही. अकरा. त्याची बायको तिच्या भावाच्या गावी एका गोदामात कामाला लागली, मग तोही निघाला. निघायच्या सकाळी दादा काठावर आला. धाकटा होडी पालथी घालत होता. दादाने दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून ती उलटली. धाकटा म्हणाला, "येतो." दादा म्हणाला, "पोचल्यावर कळव." एवढेच. पोचल्यावर धाकट्याने कळवले नाही. ते वहिनी एकदा मला सांगून गेली, दादा नाही.

पुढे माझ्या शेजारी खांबावर एक नवे यंत्र बसवले. ते वरूनच पाण्याकडे बघते आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा थेट कचेरीत पाठवते. कानामागून आली आणि तिखट झाली, असे मला म्हणता आले असते. पण बसवताना त्याला पहिला आकडा कुठून दिला माहीत आहे? माझ्यावरून. 'जुन्या विश्वासार्ह पट्टीशी जुळवून घ्यावे' असा हुकूम होता. आता ते बिचारे दिवसातून शहाण्णव वेळा माझे खोटे बोलते.

यंत्र आले म्हणून आकडेदादाची नोंद थांबली. तरी तो काही दिवस आठ, बारा आणि पाचला येत राहिला. वाकायचा, लाटेचा मध्य धरायचा, ओठांत काहीतरी पुटपुटून वजाबाकी करायचा आणि लिहीत काहीच नसे. मग गुडघे दुखू लागले. पायऱ्या उतरणे बंद झाले. गेली दोन वर्षे त्याला मी पाहिलेले नाही. तो आहे की नाही हेही मला ठाऊक नाही. मला कोण कळवणार?

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तूने म्हणायचे असते की मला रंग द्या, माझी निगा राखा. मला रंग नको. माझे आकडे अजून लख्ख आहेत, आणि तेच माझे दुखणे आहे. मी गंजून गेले असते तर कोणी माझे ऐकले नसते. माझे मागणे एवढेच की कोणी ठाम आकडा सांगितला तर त्याला विचारा, मोजणाऱ्या वस्तूला मध्ये कोणी हलवले होते का. आणि कोणी बिनआकड्याचा माणूस ओरडून काही सांगत असेल, तर त्याच्याबरोबर दोनशे पावले चाला. माझ्या नदीचे यातून काही भले होईल असे मी म्हणत नाही. ती वेळ गेली. पुढच्या आढाव्यालाही हेच आकडे टेबलावर येतील, कारण दुसरे कोणतेच शिल्लक नाहीत.

आत्ता ते सहा आठवडे चालू आहेत. माझ्यावर एक त्रेपन्न आहे. यंत्राने ते कचेरीत कळवले आहे. म्हणजे कागदावर या घटकेला पाणी उंबरठा ओलांडून आत शिरते आहे, माद्या सावलीत अंडी घालत आहेत आणि सगळे काही ठीक आहे. तुमच्यापैकी कोणी इकडे आलेच, तर माझ्याजवळ थांबू नका. खाली जा, फाट्यात उतरा, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघा. चपला काढायची गरज नाही.